लुबेकचे मामा

"साडू, मामा गेले."

मे महिन्यातली सकाळ होती. माझ्या एका हातात ब्रश, तोंडात फेस आणि कानाला फोन. पलीकडून अकोल्याचे आमचे साडू सुधाकरराव एवढंच बोलले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. मी फेसासकट मटकन खाली बसलो.

"कोन गेलं?" बायकोनं आतून विचारलं.

"मामा."

"कोनते मामा?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सुचायला पाहिजेत ते प्रश्न मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतात. बायकोला भाऊ नाही. त्या दोघी बहिणीच. आणि सुधाकररावांकडे तर कुणीच नाही. आईबाप लहानपणीच गेलेले, अमरावतीच्या एका वसतिगृहात वाढलेला माणूस. त्यांच्या लग्नात नवरदेवाकडची सगळी मंडळी एका ऑटोत मावली आणि तरी ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी राहिली, हे आमच्या सासूबाई शेवटपर्यंत हसून सांगायच्या.

"त्यायले मामा होते?" बायको म्हणाली.

"होते म्हनूनच गेले ना!"

हे तर्काला धरून होतं. बायकोनं पदर खोचला आणि भाकरी थापायला घेतल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी कडू भाकर न्यायची असते. ज्वारीच्या भाकरी, कोरडं पिठलं, वर कांदे, असं गाठोडं घेऊन आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मे महिन्यातल्या अकोल्याबद्दल मी काही बोलणार नाही. अमरावतीचा माणूस आहे, उगाच जळतो म्हणतील.

दुकानाचं शटर अर्धं खाली. वरच्या मजल्यावर सुधाकरराव डोक्याला पंचा गुंडाळून जमिनीवर बसलेले. रडारड नाही, पाहुणे नाहीत. मी चेहरा शक्य तितका लांब केला, शेजारी बसलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"कधी गेले?"

"तीनशे वर्षं होऊन गेले."

माझा हात पाठीवरच राहिला.

"कुठचे होते?"

"लुबेकचे."

"मूर्तिजापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

"जर्मनीत हाये."

स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. शोभाताई, म्हणजे माझी मेहुणी, झारा घेऊन बाहेर आली, आमच्या हातातलं गाठोडं पाहिलं आणि म्हणाली, "अगं माय, तुमाले बी फोन केला का यायनं?"

सुधाकररावांनी मात्र ती कडू भाकर मोठ्या आदरानं खाल्ली. दुसरी भाकर मोडताना म्हणाले, "मामानं पोरीचं लगन नाही पाह्यलं, साडू. आधीच गेले." माझं लक्ष नव्हतं. मला बायकोच्या नजरेची काळजी होती. परतीच्या गाडीत ती बडनेऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. वास्तविक साडू हा काही मी जन्माला घातलेला नाही. तो तिच्याच बहिणीचा नवरा.

आमच्या घराण्यात बारशापासून तेरवीपर्यंत किस्से सांगायचं खातं माझ्याकडे आहे. पण सुधाकररावांचे किस्से सांगितले की लोक म्हणतात, मीठ जास्त झालं. शपथेवर सांगतो, मी मीठ कमीच घालतो. मला बीपी आहे, आणि ते मला सुधाकररावांनीच दिलेलं आहे.

त्यांचं अकोल्यात पाईपचं दुकान. ठिबकचे, तुषारचे, बोअरचे, सगळे पाईप. हंगाम सरला की गिऱ्हाईक फिरकत नाही. अशाच एका रिकाम्या दुपारी नव्या मालाचे भाव बघावे म्हणून त्यांनी मोबाईलवर 'मोठे पाईप' असं शोधलं. समोर आलं युरोपातलं एक चर्च. त्याच्या भिंतीला खालपासून छतापर्यंत पाईपच पाईप उभे.

"मले वाटलं, कोन्या डीलरचं शोरूम हाये," ते सांगतात. "म्हटलं, का माल लावला बाप्पा! एका पाईपवर धूळ नाही. तेवढ्यात त्यायचा सेल्समन आमच्याकडं पाठ करून बसला, आन् सगये पाईप एकदम बोलाले लागले."

त्यांच्या हातातला चहाचा कप पडला. कप फुटला तो फुटला, माणूसही तेव्हापासून पुन्हा जागेवर आला नाही. ते वाद्य, म्हणजे पाईप ऑर्गन, आपल्या पेटीचा अवाढव्य थोरला भाऊ. वारा भरायचा, पट्टी दाबायची, पाईप बोलतो. वरच्या पट्ट्या हातांनी आणि खालच्या चक्क पायांनी वाजवायच्या. पाईपची लांबी फुटांत मोजतात, आवाजही फुटांतच सांगतात. सोळा फुटी आवाज खोल खर्जातला, आठ फुटी त्याच्या वरचा. सुधाकररावांना हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. आयुष्यभर ते फुटांतच बोलत आले होते.

त्यानंतर दुकानात काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दर्यापूरकडचा एक शेतकरी बोअरचा पाईप घ्यायला आला. सुधाकररावांनी एका पाईपला तोंड लावून गाल फुगवून फुंकलं. भोंऽऽ असा आवाज निघाला. शेजारच्या खताच्या दुकानातला माणूस धावत बाहेर आला.

"हा घ्या," सुधाकरराव म्हणाले. "याचा आवाज गोड हाये."

"भाऊ, मले त्यातून पानी काढाचं हाये."

"पानीयी गोडच येईन."

हे सगळं मी सोसलं असतं. पण पुढे त्यांना ते संगीत रचणारे लोक भेटले, आणि इथून माझं बीपी सुरू होतं. चार-पाचशे वर्षांतले, देशोदेशीचे हे बुवा. त्यांची नावं मी सुधाकररावांच्या तोंडून आजवर ऐकलेली नाहीत. एकदा विचारलं तर कान पकडून म्हणाले, "मोठ्यायचं नाव घेत नसतात, साडू." जुन्या बायका सासऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं. नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर नातं लावावं लागतं, आणि एकदा नातं लावलं की सुतकही आलंच.

तर स्पेनचे आजोबा. लहानपणापासून आंधळे, पण राजाच्या पदरी. राजा प्रवासाला निघाला की आजोबा आणि त्यांचं लहानसं वाद्य बरोबर. मग ॲमस्टरडॅमचे आबा, अर्ध्या जर्मनीचे मास्तर. लुबेकचे मामा तुम्हाला आता माहीत झाले. मग थोरले. थोरले म्हटलं की सुधाकररावांचा हात आपोआप छातीशी जातो. "त्यायले वीस लेकरं. जवानीत महिन्याची रजा टाकून शेकडो कोस पायी गेलते, फकत मामाचं वाजवनं ऐकाले. आन् तीन-चार महिने परतलेच नाहीत!"

मी कॉलेजच्या ऑफिसात रजेचे अर्ज तपासण्यात जन्म घालवलेला माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "बिनपगारी झाली असन."

"साहेबानं लय झापलं म्हनते," सुधाकरराव हळहळले. जणू कालच.

सगळ्यात जवळचे मात्र मामा. मामांची एक गोष्ट ते कुणालाही, कुठेही सांगायचे. मामा म्हातारे झाले, देवळातली त्यांची जागा रिकामी होणार. पगार चांगला, मान मोठा. पण अट होती, ज्याला जागा पाहिजे त्यानं मामांची थोरली मुलगी करायची. मामांनी स्वतःही ती जागा तशीच मिळवली होती, आधीच्या वादकाची मुलगी करून.

"दोन चांगले पोट्टे आले. जागा पाह्यली, पोरगी पाह्यली, पयाले. मंग थोरले आले. एवढे पायी चालत आले, पन तेयी पयाले." इथे सुधाकररावांचा आवाज सोळा फुटी व्हायचा. "काय वाटलं असन मामाले?"

हे ते वैशूकडे न बघता म्हणायचे. वैशू त्यांची एकुलती एक मुलगी. बँकेत नोकरी, वागायला सरळ, बोलायला बापापेक्षा शंभरपट शहाणी, आणि तिशीला टेकलेली. तिलाही बरेच जण पाहून, पोहे खाऊन गेले होते. एकाला तिची उंची कमी वाटली, एकाला पगार जास्त.

मामांचं सुतक पाळलं त्याच वर्षी दिवाळीनंतर तिच्यासाठी एक स्थळ मीच आणलं. मुलगा नितीन, दर्यापूरचा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत. वडील नाहीत. आई सुमनबाई, आणि तिचा भाऊ पुंडलिकराव, म्हणजे मुलाचे मामा. घरातला शब्द त्यांचा. तहसीलमधून निवृत्त झालेले. प्रश्न विचारत नाहीत, जबाब घेतात.

तिघं पाहायला आले. पोहे झाले, बसणं-उठणं झालं, वैशू सुमनबाईंना आवडली, हे बशीतल्या चमच्याच्या आवाजावरून कळत होतं. सगळं सुरळीत चाललं की मला भीती वाटते. वाटलीच.

"मुलीचे मामा काय करते?" पुंडलिकरावांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. सुधाकरराव आधी बोलले.

"मामा लुबेकले हायेत."

"हे कुठी आलं? नांदगाव खंडेश्वरकडं?"

"त्याच्यायी पलीकडं. देवयात वाजवते. मोठी जागा हाये. पन ज्याले ते जागा पायजे, त्याले पोरगी करा लागते."

पुंडलिकरावांनी नितीनकडे पाहिलं. सुमनबाई ताठ झाल्या. "आमच्या पोराले जागा हाये म्हटलं. पर्मनंट."

"अजून कोन कोन हाये तुमच्याकडं?" पुंडलिकरावांनी जबाब पुढे चालू ठेवला.

वसतिगृहात वाढलेल्या माणसाला उभ्या जन्मात हा प्रश्न कुणी इतक्या आस्थेनं विचारला नसावा. सुधाकरराव फुलले.

"आजोबा हायेत. आंधये."

"म्हातारपनानं?"

"नाही, लहानपनापासून. थोरले मातर म्हातारपनी झाले आंधये. पॅरिसवाले काका तं जल्मापासूनच."

मी टीपॉयखालून त्यांना लाथ मारली. ती सुमनबाईंना लागली.

"काका वाजवता वाजवताच गेले," सुधाकरराव रंगात आले होते. "बसल्या जागी. पाय खालच्या पट्टीवर तसाच, आन् सूर चालूच! लोकायले वाटलं, हेयी गान्यातलंच हाये."

दारात वैशू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं फक्त "बाबा" म्हटलं. पण तोवर पुंडलिकराव उठले होते, चहा न घेता.

संध्याकाळी निरोप आला, घराण्यात आंधळेपण आहे, नको. दुसऱ्या दिवशी अमरावतीत माझ्याच ऑफिसातल्या माणसानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुमच्या साडूकडं तिघं आंधये हायेत म्हनते? नागपूरले एक चांगला डॉक्टर हाये." बातमीला दर्यापूरहून अमरावतीला यायला जीपसुद्धा लागली नव्हती.

शोभाताईनं मला फोन केला. ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "भाऊजी, वैशू जेवली नाही." वैशूनं आजवर कुठल्या नकाराला जेवण सोडलं नव्हतं. मी दर्यापूरची जीप धरली.

पुंडलिकरावांनी पाणी दिलं, हे तरी खूप झालं.

"दादासाहेब, गैरसमज झाला. ते मामा खरे नाहीत."

"मंग खोटं सांगतलं?"

"खोटं नाही. मामा होते. वारले."

"कधी? आम्ही आलतो तवा तं वाजवून राह्यले होते."

"तीनशे वर्षांपूर्वी."

पुंडलिकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे डोयाचं नाही. डोक्याचं हाये."

आंधळेपण काढायला गेलो आणि वेड देऊन आलो. मध्यस्थी कशी करू नये हे ज्याला शिकायचं असेल त्यानं माझ्याकडे यावं. रजा टाकूनही या.

जीपपर्यंत सोडायला नितीन आला. आधी त्यानं वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, मी ऐकलं ते. लुबेकच्या मामांचं. चांगलं आहे."

"तुले कुठी भेटलं?"

"वैशालीनं पाठवलं."

मी जीपचा दांडा धरला. "तुमी बोलता?"

"रोज." तो कानापर्यंत लाल झाला. "आईचं मन आहे. मामांचं एकच म्हणणं आहे. वैशालीच्या बाबांनी आमच्यासमोर एकदा सरळ म्हणावं, की ह्यातलं कुणी आपलं नाही. मग डोकं ठिकाणावर आहे असं धरू म्हणतात. त्यांनी नाही म्हटलं तरी मी ऐकणार नाही, काका. पण आई रडत येईल लग्नात. मला ती हसत यायला पाहिजे."

मी थेट अकोल्याला गेलो. सुधाकरराव दुकानात एकटेच होते. मी निरोप सांगितला आणि वर माझं शहाणपण जोडलं, की दोन शब्दांचा तर प्रश्न आहे.

"कोनी नाही म्हनाचं?"

"हो."

"सगयेच?"

"सगळेच."

"मामायी?"

"मामापासूनच सुरुवात करा."

ते एक पाईप फडक्यानं पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता. "वैशूचं जमन?" त्यांनी विचारलं.

"जमन."

"म्हनतो."

पुढच्या रविवारी पाहुणे पुन्हा आले. ते जिना चढत असतानाच मी पाहिलं, सुधाकररावांनी आपला मोबाईल बंद केला, आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, शोभाताईच्या साड्यांच्या घडीत तो खोल सारला आणि कपाटाला किल्ली लावली. मी मनात म्हटलं, बरं झालं. नाहीतर ऐन वेळी मामा वाजायला लागायचे.

यावेळी कुणी पोह्यांना हात लावला नाही. पुंडलिकराव खुर्चीच्या टोकावर बसले.

"हे पाहा भाऊ, आमाले राग नाही. पन आमची पोरंबाळं हायेत. एक खेप समोर सांगा. ते लुबेकवाले, ते आजोबा, ते काका, हे तुमचे कोन?"

सुधाकररावांनी वैशूकडे पाहिलं. ती मान हलवून नको म्हणत होती. मग त्यांनी बंद कपाटाच्या दिशेनं पाहिलं. मग हात जोडले. हात जोडायचं काही कारण नव्हतं.

"कोनी नाही," ते म्हणाले.

"म्हंजे नातं नाही?"

"नातं नाही. मामा नाही, काका नाही, आजोबा नाही." त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "माये कोनीच नाही, भाऊ. कधीच कोनी नव्हतं."

पुंडलिकरावांना पाहिजे होता तो जबाब मिळाला. पण कागदावर सही घ्यायला गेलेल्या माणसाच्या हाती कागदाऐवजी माणसाचा हातच यावा, तसा त्यांचा चेहरा झाला. ते खाकरले. "बरं. बरं. म्हंजे... असं नव्हतं म्हनाचं आमाले." ऑटोतली ती ड्रायव्हरशेजारची रिकामी जागा मला एकदम दिसली. त्या किश्शाला मीही आजवर शंभरदा हसलो होतो.

सुमनबाईंनी कप उचलला. स्वतःचा नव्हे, सुधाकररावांचा. त्यांच्यापुढे धरला.

"चहा घ्या, इवाई," त्या म्हणाल्या. "गार होऊन राह्यला."

इवाई, म्हणजे व्याही. ना बोलणी, ना तिथी, ना कुंकू, आणि बाईनं नातंच लावून टाकलं. पुंडलिकराव बहिणीकडे बघतच राहिले. नितीन जमिनीकडे बघत होता, वैशू आत पळाली, शोभाताईनं पदर तोंडाला लावला. मला तेव्हा हसावं की रडावं ते ठरवता आलं नाही. म्हणून मी एक आख्खी बशी पोहे खाल्ले.

पाहुणे गेले. शोभाताई शेजारी सांगायला धावली. सुधाकरराव आत गेले, किल्ली फिरवून कपाट उघडलं, साड्यांच्या घडीतून मोबाईल काढला. सदऱ्याच्या टोकानं काच पुसली. पण चालू करेनात.

"लावा ना मामा," मी म्हटलं. "आज तं लावा. पोरीचं लगन ठरलं."

"कसं लावू?" ते मोबाईल तळहातावर धरून उभे होते. "तोंडावर नाही म्हटलं मी त्यायले."

"अहो, म्हनून तं तुमी कपाटात ठेवलं होतं."

"लोखंडी हाये म्हना. पन दार पातय हाये." मग हळूच मला विचारलं, "ऐकू गेलं असन का, साडू?"

आयुष्यात प्रथमच मला उत्तर वेळेवर सुचलं असं वाटलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "नाही हो. एवढे म्हातारे. त्यात तिघं आंधये."

सुधाकररावांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एवढी वर्षं साडू असून याला काहीच कसं कळलं नाही.

"डोये गेलते त्यायचे," ते म्हणाले. "कान नाही."